बाबांचं गाणं किती दुरुस्त करायचं?

पत्र (थोडं आखडून):

"मी कोपरखैरण्यात राहते, शाळेत शिकवते. माझे वडील ऑगस्टमध्ये ७५ वर्षांचे होतील. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्यात त्यांची नोकरी झाली आणि एवढी वर्षं ते भजनी मंडळात गायले. कविताही करतात. त्यांच्या सहा कवितांना मी चाली लावल्या. चार मी गायले, दोन त्यांच्याकडून गाऊन घेतल्या. एक साधं भावगीत आहे, दुसरी रचना अभंगाच्या वळणाची आहे. वाशीतल्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. बाबांचा सूर काही ठिकाणी उतरतो आणि एका अंतऱ्यात लय सुटली आहे. स्टुडिओवाले म्हणतात, 'काळजी करू नका मॅडम, सगळं ट्यून करून देतो.' गाण्यामागे दीड हजार वेगळे. माझा भाऊ पाचपाखाडीला असतो, तबला शिकलेला आहे. त्याच्या मते ही शुद्ध फसवणूक आहे आणि असं गाणं वाढदिवसाला लावलं तर तो हॉलमध्ये थांबणार नाही. बाबांना यातलं काही सांगितलेलं नाही, त्यांना वाईट वाटेल. दुसरं म्हणजे माझी मुलगी नववीत आहे. एका गायन स्पर्धेच्या पहिल्या फेरीसाठी तिचं गाणं रेकॉर्ड करून पाठवायचं आहे. तेही हलकंसं ट्यून करून घ्यावं का? आणि हे सॉफ्टवेअर घरीच घेऊन टाकलं तर? बाबांच्या भावगीताची नुसत्या आवाजाची फाइल सोबत पाठवते आहे, ध्रुवपद आणि पहिला अंतरा."

ताई, फाइल हेडफोन लावून नीट ऐकली. एक गोष्ट आधीच सांगतो: बाबा गाणारे आहेत. शब्द कुठे सोडायचा, कुठे धरायचा हे त्यांना कुणी शिकवावं लागलेलं नाही. तेव्हा आपण एका चांगल्या गायकाच्या वयाबद्दल बोलतो आहोत, बेसूर माणसाबद्दल नाही. त्या हिशोबाने माझं उत्तर असं की भावगीताला हात लावायला हरकत नाही, पण स्टुडिओवाले म्हणतात तसं 'सगळं' नको. मुलीच्या गाण्याचा सूर मात्र अजिबात हलवायचा नाही. आणि या दोन्हींच्या आधी बाबांशी बोलायचं राहिलंय, ते करा.

भावाचा राग समजून घ्यायचा तर हे ट्यून करणारं यंत्र, म्हणजे सॉफ्टवेअर, काय करतं ते थोडं समजलेलं बरं. बाबांच्या पिढीने मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी चुकून ४५ वर लावलेली असणारच. गाणं पळतं आणि आवाजही बारीक होतो, काळ्या-पांढऱ्या मिळून मोजल्या तर पेटीच्या पाचेक पट्ट्या वर. टेपचंही तसंच. वेग निम्मा केला की गाणं दुप्पट लांबतं आणि पूर्ण सप्तक खाली येतं. सूर आणि वेळ यांची ही गाठ सोडवायची, म्हणजे एकाला हलवताना दुसऱ्याला जागेवर ठेवायचं, हाच सगळा खटाटोप आहे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९६६ मध्ये 'फेज व्होकोडर' नावाची पद्धत मांडली गेली, पण ती सामान्य स्टुडिओत यायला संगणक स्वस्त आणि वेगवान व्हावे लागले. १९९७ मध्ये ऑटो-ट्यून हे सूर आपोआप जागेवर ओढणारं सॉफ्टवेअर आलं. ते करणारे अँडी हिल्डेब्रँड हे आधी तेलाच्या शोधासाठी जमिनीत ध्वनिलहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी वाचण्याच्या गणितातले. तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं. वर्षभरात शेर या गायिकेच्या एका गाण्यात ते मुद्दाम टोकाला नेऊन वापरलं गेलं आणि तो यांत्रिक, पायरी-पायरीने उड्या मारणारा आवाज जगभर पोचला. लोक 'ऑटो-ट्यून' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात तोच आवाज असतो. तुमच्या भावाच्याही असणार.

दुसरा प्रकार वेगळा. म्युनिकच्या सेलेमनी कंपनीचं मेलोडाइन २००१ मध्ये आलं. पीटर नॉयबेकर हे त्यामागचं डोकं. यात गाणं आधी पूर्ण वाचून घेतलं जातं आणि पडद्यावर प्रत्येक स्वराचा एक लांबट ठिपका दिसतो. तो उचलून वर-खाली, मागे-पुढे नेता येतो. ठिपक्यामधून एक नागमोडी रेघ जाते, ती म्हणजे गळा प्रत्यक्ष जसा फिरला तो मार्ग. २००९ पासून त्यांनी एकत्र वाजलेल्या स्वरांमधला एकेक सुटा करून दाखवायला सुरुवात केली. २०१२ मध्ये कंपनीला तांत्रिक कामासाठीचं ग्रॅमी मिळालं. आज बहुतेक रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय आतच असते. लॉजिकमध्ये फ्लेक्स पिच आहे, क्युबेसमध्ये व्हेरिऑडिओ आहे.

तुम्ही स्टुडिओत पहिला प्रश्न हाच विचारायचा: ऑटोवर टाकणार की हाताने एकेक स्वर करणार? दीड हजारात ते काय करणार आहेत ते या एका उत्तरावरून कळेल. ऑटोवर टाकलं की यंत्र प्रत्येक क्षणाचा सूर बघतं आणि जवळच्या 'बरोबर' स्वराकडे ओढतं. किती झटकन ओढायचं याची एक कळ असते. आता बरोबर कशाला म्हणायचं हे कुणी ठरवलं? तर सहसा पेटीच्या पट्टीने. सप्तकाचे बारा सारखे तुकडे, प्रत्येक तुकडा १०० सेंटचा. आपला तंबोऱ्याशी जुळलेला शुद्ध गंधार सा पासून ३८६ सेंटवर बसतो, पेटीचा ४०० वर. म्हणजे बाबा अंतऱ्यात जो गोड, किंचित खालचा गंधार लावतात तो यंत्राच्या लेखी १४ सेंटने चुकलेला आहे आणि यंत्र तो इमानेइतबारे 'सुधारणार'. पेटीच्या या ठोकळेपणावरून आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिच्यावर बंदी घातली होती. बंदीचं मी समर्थन करत नाही, पेटीशिवाय आमचं पान हलत नाही. पण ज्या कारणावरून एवढा वाद झाला ते कारण आता प्लगइनमधून (सॉफ्टवेअरला जोडायच्या अशा तुकड्यातून) मागच्या दाराने आत येतं आणि कुणी हूं की चूं करत नाही, याची गंमत वाटते.

मींड, कणस्वर, मुरकी (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत, निसटता स्पर्श करत किंवा झटकन वळत जाणं) यांचं तर विचारूच नका. दोन स्वरांच्या मधल्या प्रवासातच आपलं निम्मं गाणं असतं आणि ऑटोला नेमका तो प्रवासच चूक वाटतो.

आता तुमच्या फाइलमधली एक जागा घेऊ. ध्रुवपदाची ओळ 'घरी' या शब्दावर संपते आणि 'री' पंचमावर बराच वेळ धरलेला आहे. हीच ती जागा जिथे तुम्हाला सूर उतरल्यासारखा वाटतो. 'घ' वर श्वासाचा भाग जास्त आहे, तिथे सूर असा नाहीच. पुढे बाबा मध्यमावरून मींड घेत पंचमावर येतात, अगदी केसभर वर जाऊन मग खाली बसतात. ती जुन्या भजनी गळ्याची सवय आहे आणि सुंदर आहे. त्यानंतर जवळजवळ मात्राभर सूर पक्का उभा आहे. काळी दोनच्या पट्टीत (पेटीची दुसरी काळी पट्टी सा धरून) पंचम २३३ हर्ट्झच्या आसपास येतो, तिथेच. मग श्वास संपत येतो आणि शेवटच्या तुकड्यात सूर घसरत घसरत २२८ पर्यंत जातो, म्हणजे साधारण ४० सेंट. कानाला खुपतं ते एवढंच, कारण मागे पेटीचा पंचम तसाच उभा असतो आणि दोघांची खडाखडी होते.

घाईने काम करणारा इथे काय करेल? तो अख्ख्या 'री' चा ठिपका पकडून मध्यावर आणेल. यंत्र सरासरी काढतं, सरासरी जरा खाली आहे, म्हणून पूर्ण स्वर वर सरकेल. परिणाम असा की आधीचा उत्तम लागलेला भाग चढा होईल आणि शेपूट तरीही पडलेलंच राहील. शिवाय कंपही सपाट केला तर स्वर प्लास्टिकचा वाटायला लागतो. जाणकार माणूस 'री' जिथून घसरायला लागतो तिथे ठिपका कापेल. त्याच्या आधीच्या भागाला हातही लावणार नाही. शेवटच्या तुकड्याची नुसती घसरण कमी करेल, आणि तीसुद्धा पूर्ण नाही. ४० पैकी २५-३० सेंट उचलले तर पुरे. उरलेली उतरण राहू द्यायची, कारण तिथे शब्दही विसावतो आहे. मेलोडाइनमध्ये यासाठी स्वराचा मध्य, त्यातला कंप आणि त्यातली घसरण अशा तीन वेगवेगळ्या कळा आहेत. तुमच्या स्टुडिओत त्यांना या तीन कळा वेगळ्या वापरता येतात का हे बघा. एवढी एकच जागा त्यांच्याकडून समोर बसून करून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. पसंत पडली तर पुढे जा, नाहीतर चहा पिऊन घरी या.

बाबांच्या आवाजातला तो बारीक थरथराट मात्र कुणालाही काढू देऊ नका. वयाने येणारा कंप यंत्राला दोष वाटतो. तुमच्या मुलांना वीस वर्षांनी आजोबा ओळखू यायचे असतील तर त्या कंपावरूनच येतील.

लयीचं दुखणं वेगळं आहे आणि खरं सांगायचं तर ते जास्त दुरुस्त करण्यासारखं आहे. माझ्या कानाने गाणं मिनिटाला ८४ मात्रांच्या जवळपास आहे, म्हणजे एक मात्रा सुमारे ७१४ मिलिसेकंदांची. ध्रुवपदात बाबा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, किंचित उशिरा येतात, ६०-७० मिलिसेकंद. ती त्यांची ऐट आहे. तबल्याला पुढे जाऊ द्यायचं आणि आपण मागून रेलून यायचं. हे खेचून क्लिकवर (यंत्राच्या ठरावीक ठोक्यावर) बसवलं तर गाणं शाळेच्या कवायतीसारखं होईल. पण अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत ते जवळजवळ अर्धी मात्रा आधी सुटले आहेत आणि ओळभर तसेच पुढे राहतात. ही ऐट नव्हे. मला वाटतं त्यांना हेडफोनमध्ये तबला नीट ऐकू आला नसावा. इथे ती ओळ श्वासाच्या जागी कापून नुसती मागे, म्हणजे उशिराच्या बाजूला, सरकवायची. ताणायची वगैरे गरजच नाही, सूर तसाच राहतो, शब्द तसेच राहतात. ऐकणाऱ्याला पत्ताही लागणार नाही.

ताणायची वेळ आलीच तर मर्यादा लक्षात ठेवा. माणसाचा आवाज पाच-सात टक्के कमी-जास्त लांबवला तर निभावतो. त्यापुढे स, श, च ही व्यंजनं फाटल्यासारखी किंवा सिसकारल्यासारखी ऐकू येतात. तबल्याचं तर याहून नाजूक, त्याचा 'ना' टोकदार राहिला पाहिजे, ताणला की बोथट होतो.

तुमच्या फाइलमध्ये एक अडचण मात्र आहे, स्टुडिओवाल्यांनी ती सांगितलेली दिसत नाही. ओळींच्या मधल्या शांततेत बारीक पेटी ऐकू येते. बाबांनी हेडफोनचा एक कान उघडा ठेवला असणार. जुने गवई ठेवतातच, त्यांना स्वतःचा आवाज हवेतून ऐकायची सवय असते. त्या उघड्या बाजूतून पेटी माइकमध्ये झिरपली. आता बाबांचा स्वर ३० सेंट वर उचलला की ही झिरपलेली पेटीही ३० सेंट वर जाणार आणि खऱ्या पेटीशी भांडणार. म्हणून या गाण्यात सूर फार उचलताच येणार नाहीत, हेतू कितीही चांगला असो. ओळींच्या मधल्या जागा बंद करता येतील, पण शब्दाखालची पेटी जाणार नाही. पुन्हा रेकॉर्ड करायची वेळ आली तर एका बाजूचा आवाज पूर्ण बंद करून फक्त झाकलेल्या कानात पेटी-तबला द्यायला सांगा, उघडा कान खुशाल उघडा राहू दे.

आणि माझ्या मते पुन्हा रेकॉर्ड करावंच. कारण मूळ गोष्ट सॉफ्टवेअरची नाहीच, पट्टीची आहे. काळी दोन ही बाबांची मंडळातली, म्हणजे तिशी-चाळिशीतली पट्टी असणार. अंतऱ्यात तार सप्तकात जाताना त्यांचा श्वास तिथेच खर्च होतो आणि मग पुढचं 'घरी' पडतं. एक-दोन पट्ट्या खाली या. इथे हेच सॉफ्टवेअर खऱ्या अर्थाने उपयोगी पडतं. आहे त्याच पेटी-तबल्याच्या ट्रॅकचा वेग तसाच ठेवून सूर एक पट्टी उतरवला की पांढरी दोन, दोन उतरवला की काळी एक. स्टुडिओत पाच मिनिटांत होतं. दोन्ही ट्रॅक मोबाइलवर घ्या, सकाळी चहा-नाश्त्यानंतर बाबांना त्यावर गाऊ द्या, संध्याकाळी थकल्यावर नको. कुठल्या पट्टीत त्यांचा चेहरा सैल राहतो ते तुम्हालाच दिसेल. हे उतरवलेले ट्रॅक सरावापुरते ठेवा. पक्क्या कामासाठी पेटी पुन्हा वाजवून घ्यावी. ती कीबोर्डवर मिडीने (आवाज नव्हे, कुठली पट्टी कधी दाबली एवढंच नोंदवून) वाजवलेली असेल तर प्रश्नच मिटला, मिडीत पट्टी बदलायला आवाज ताणावा लागत नाही. उतरवलेला तबला थोडा भिजल्यासारखा वाटतो.

आता बाबांना सांगण्याचं. तुम्ही म्हणता त्यांना वाईट वाटेल. पण एवढी वर्षं मंडळात गायलेल्या माणसाला आपला सूर कुठे पडतो हे ठाऊक नसेल असं तुम्हाला खरंच वाटतं? त्यांना ते स्टुडिओतून बाहेर पडतानाच कळलं असणार, तुम्ही हौसेने केलंय म्हणून बोलले नसतील. वाईट वाटायचंच तर हॉलमध्ये, शंभर माणसांसमोर, स्वतःचा गुळगुळीत झालेला आवाज ऐकून वाटेल. त्यांना हेडफोन द्या, मूळ गाणं ऐकवा आणि गप्प बसा. पुढचं ते बोलतील. 'परत गातो' म्हणाले तर वर सांगितलंय तसं करा. 'तेवढं शेवटचं जरा सावरून घे' म्हणाले तर ती परवानगी. 'राहू दे तसंच' म्हणाले तर तसंच राहू द्या, मग तुम्हाला काही वाटो. गाणं त्यांचं आहे, शब्दही त्यांचे आहेत. स्टुडिओवाले उद्या संगणकाकडून बाबांचा तरुणपणीचा आवाज काढून देतो म्हणाले तरी हाच नियम.

भावाला फसवणूक वाटते, त्याबद्दल. संपादन हे काही कालचं नाही. टेपच्या काळात ब्लेडने फीत कापून चांगल्या टेकचा अंतरा दुसऱ्या टेकच्या ध्रुवपदाला चिकटवायचे. चुकलेल्या ओळीवर तेवढंच पंच करून घेणं, म्हणजे तेवढीच ओळ पुन्हा गाऊन भरणं, हा स्टुडिओतला रोजचा व्यवहार आहे. ज्या गाण्यांवर आपण सगळे वाढलो त्यांतली कितीतरी अशी जोडलेली आहेत. इतकंच काय, आवाजावर घातलेला एकोसुद्धा खोटाच असतो, तशी खोली तिथे नसतेच. पण त्याच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे: ऐकणारा काय समजून ऐकतो याला महत्त्व आहे. घरातल्यांसाठी काढलेलं गाणं लोक आठवण म्हणून ऐकतात, मार्क द्यायला बसत नाहीत. तिथे एक ओळ मागे सरकवली म्हणून कुणाची फसगत होत नाही.

मुलीच्या बाबतीत नेमकं उलट आहे, म्हणून तिथे माझं उत्तर बदलतं. परीक्षक ते गाणं ऐकून हिचा सूर कसा आहे एवढंच ठरवणार आहेत. तोच सूर यंत्राने लावलेला असेल तर त्यांच्या हातात काय राहिलं? 'हलकंसं' हा शब्द मला तर जास्त धोक्याचा वाटतो, कारण हलकं केलेलं पकडलं जात नाही आणि मग सवय लागते. स्पर्धेचे नियम वाचा. बहुतेक ठिकाणी एका दमात गायलेलं, न जोडलेलं गाणं मागतात. सुरुवातीची खाकरणी-खोकणी कापणं, आवाजाची पातळी नीट करणं यात गैर काही नाही. सूर, लय आणि जोडकाम यांना हात नको. पुढच्या फेरीत तिला मंचावर उभं राहायचं आहे. तिथे माइक असतो, तंबोरा असतो, प्लगइन नसतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीची खरी पातळी आणि तिने पाठवलेली पातळी यांतलं अंतर सगळ्यांसमोर दिसलं तर ते तिच्या जिव्हारी लागेल. शिवाय 'तुझं गाणं आईने दुरुस्त करून पाठवलं' हे तिच्या मनात राहील ते वेगळंच.

सरावासाठी मात्र ही साधनं तिला जरूर द्या. एखादी अवघड तान ७० टक्के वेगावर, सूर न बदलता, शांतपणे ऐकता येणं ही केवढी मोठी सोय आहे! आमच्या वेळी कॅसेट मागे-पुढे करून बटणं तुटायची. यूट्यूबवरसुद्धा वेग पाऊण केला तरी सूर तोच राहतो, त्याला पैसेही पडत नाहीत. पुरुषाच्या पट्टीतली चीज स्वतःच्या काळी चार किंवा पाचमध्ये आणून त्यावर गाता येते. आठवड्यातून एखाद वेळी तिने स्वतःचं गाणं रेकॉर्ड करून पडद्यावरची रेघ पाहावी, सूर कुठे घसरतो ते कळतं. फक्त रेघेकडे बघत बघत गायची सवय लावू नका. तो पडदाही पेटीचेच मार्क देतो, तिचा चांगला गंधार तिथे कमी भरेल. तिच्या गाण्याच्या बाईंनी सांगितलेलं ऐकायचं, पडद्याने नव्हे. सोनारानेच कान टोचलेले बरे.

तुमच्या स्वतःच्या चार गाण्यांबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत. चाल तुमची, गळा तुमचा, तुम्हाला हवं ते करा. मी असतो तर ट्यूनिंगच्या सहा हजारांत आणखी दोन-तीन तास स्टुडिओ घेतला असता आणि न जमलेल्या ओळी परत गायलो असतो.

सॉफ्टवेअर घरी घ्यायचं का? एवढ्यासाठी नको. मेलोडाइनची सगळ्यात स्वस्त, एसेन्शियल आवृत्ती घेतली तर तिच्यात त्या कंप-घसरणीच्या वेगळ्या कळा येत नाहीत आणि बाबांच्या गाण्याला नेमक्या त्याच लागतात. त्याच्या वरच्या आवृत्त्या वर्षातून एकदा वापरण्याच्या मानाने महाग आहेत. हौस असेल तर आधी चाचणीची प्रत उतरवून बघा. मुलीच्या सरावाला मोफत ऑडॅसिटी पुरे, त्यात वेग आणि सूर वेगवेगळे बदलता येतात. पुढे घरच्या घरी रेकॉर्डिंग करायचं मनावर घेतलंत तर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर बघा. घरगुती वापराचा परवाना ६० डॉलरचा आहे, सूर दुरुस्तीची साधी सोय आत आहे आणि ते जुन्या लॅपटॉपवरही धावतं. पैसे खर्चच करायचे तर आधी बऱ्यापैकी माइकवर करा.

राहिली ती अभंगाच्या वळणाची रचना. ती मी ऐकलेली नाही, तेव्हा उंटावरून शेळ्या हाकत नाही. पण माझं ऐकाल तर ती क्लिकवर, वेगवेगळ्या ट्रॅकवर करूच नका. भावाला बोलवा. तो तबल्यावर, बाबा समोर, पेटी शेजारी, एकाच खोलीत, हेडफोन नकोत. सगळ्यांचे आवाज सगळ्यांच्या माइकमध्ये जातील, मग त्यात कुणाला काही सुधारता येणार नाही, आणि तुमच्या भावाला हवंय ते हेच. बाबा समेला उशिरा आले तर तो थांबेल, पुढे गेले तर धरून घेईल. भजनी ठेका तसाच वाजवायचा असतो. त्याला फक्त एक सांगा, पट्टी काळी एक ठरली तर तबला मोठ्या तोंडाचा लागेल. त्याच्याकडचा काळी चारचा असेल तर तो उतरवून तिथे नेता येणार नाही, आधीच कुणाकडून तरी मागून ठेवायला हवा.

स्टुडिओ सोडण्यापूर्वी सहाही गाण्यांचे सुटे ट्रॅक, कुठलीही दुरुस्ती न केलेले, वेव फाइलमध्ये मागून घ्या. एमपीथ्री नको. बरेच जण मिक्स करून दिलं की मूळ फाइल पुसून टाकतात आणि मागितल्याशिवाय देत नाहीत. एक प्रत तुमच्याकडे, एक भावाकडे पाचपाखाडीला.